सुमतीसाठी मुलुंड बंद

जयवंत नाटेकर म्हणजे रेशनच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याशीसुद्धा "माफ करा हं, पण" अशी सुरुवात करून बोलणारा माणूस. तरीही एकोणीसशे शहाऐंशी साली, एका रविवारी सकाळी, मुलुंड पूर्वेचा बाजार त्यांच्यामुळे बंद पडला, पोलिसांची जीप धावत आली, आणि प्रभाकर नावाच्या इसमाला ताबडतोब अटक करा म्हणून बायकांनी चौकीला घेराव घातला. प्रभाकर काही सापडला नाही. तो सापडणार नव्हताच, कारण तो साठ वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका कादंबरीत होता.

या सगळ्याचं मूळ व्हिडिओत आहे. शुभदा सोसायटीच्या तळमजल्यावर पंपाशेजारी एक खोली होती आणि तिच्यात सोसायटीचं वाचनालय होतं. नाटेकर त्याचे मानद चिटणीस. मानद म्हणजे पुस्तकं झटकायची, वाळवी शोधायची आणि पंप गळला की भिजलेल्या कादंबऱ्या स्वतःच्या गॅलरीत वाळत घालायच्या. सोसायटीचे अध्यक्ष भाऊराव पडवळ यांच्या मनात आलं की या खोलीत रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ ठेवायचा आणि दर शनिवारी पिक्चर लावायचा. ठराव रविवारी संध्याकाळच्या वार्षिक सभेत येणार होता.

"नाटेकर, मला पुस्तकांचा काही राग नाही," भाऊराव जिन्यात थांबवून म्हणाले. "पण वाचतंय कोण? तुम्ही आणि वाळवी. वाचक दाखवा, खोली ठेवा. सिंपल."

हे नाटेकरांच्या फार जिव्हारी लागलं. ऑफिसात ते साहेब सांगेल तिथे शिक्का मारत. घरात भाजीपासून पडद्यांच्या रंगापर्यंत सगळं त्यांच्या पत्नी वनमालाबाई ठरवत, आणि चांगलं ठरवत. जगात एकच जागा अशी होती, जिथे कधीमधी कुणी येऊन "काय वाचू हो?" असं त्यांना विचारी आणि उत्तर त्यांना येत असे. ती खोली गेली तर संध्याकाळी आपण कोण, हा प्रश्न त्यांना पडला आणि तो प्रश्न त्यांना जेवू देईना.

अशा मनःस्थितीत त्यांनी एका मासिकात वाचलं, की विलायतेत म्हणे गाजलेल्या कादंबऱ्यांच्या गावी लोकांना पायी फिरवून आणतात. नायिका इथे राहायची, नायक इथे वळला, असं दाखवतात. नाटेकर ताडकन उठून बसले. मुलुंडवर अशी कादंबरी होती! कै. त्र्यंबक कुडपणकरांची 'पैलकाठची सुमती'. मिठागराच्या मुनीमाची मुलगी सुमती, तिला विहिरीपाशी लग्नाचं वचन देऊन गलबतावर निघून गेलेला प्रभाकर, आणि खाडीच्या पायरीवर बसून त्याची वाट बघणारी सुमती. ताप अंगावर काढत ती वाट बघते, एका पहाटे जाते आणि त्याच दिवशी संध्याकाळी गलबत धक्क्याला लागतं. एका अख्ख्या पिढीने त्या शेवटच्या प्रकरणापायी उशा भिजवल्या होत्या. सकाळी लोकांना बंगला, विहीर आणि पायरी दाखवायची, पायरीवर शेवटचं प्रकरण वाचायचं आणि ओल्या डोळ्यांची माणसं संध्याकाळच्या सभेत वाचक म्हणून उभी करायची, असा बेत ठरला.

"अहो, पण ती विहीर आहे का अजून?" वनमालाबाईंनी विचारलं.

विहीर नव्हती. जुन्या मंडळींनी जी जागा दाखवली तिथे पिठाची गिरणी घडघडत होती. मुनीमाच्या बंगल्याच्या जागी कापडाचं दुकान होतं. खाडीकडे पायरी अशी नव्हतीच. मिठागराच्या बांधावर एक दगड बरा दिसला, पण त्याच्या बाजूला म्हशी बसायच्या. नाटेकरांनी म्हशी चरायला जातात ती वेळ नक्की केली. संशोधनाला कुठेतरी थांबावं लागतं, असं ते स्वतःला म्हणाले.

खरं काम अडलं ते सल्ल्यांमुळे. शेजारचे अण्णा तळगावकर कापडगिरणीतून निवृत्त झालेले आणि गिरणगावातले सगळे उत्सव आपल्या खांद्यावर पार पडले असं मानणारे. त्यांनी बेत ऐकून मान हलवली.

"फोटो नाय, हार नाय, मगे तो कार्यक्रम कसलो?"

"अण्णा, कुडपणकरांचा फोटो मिळत नाही."

"मगे त्या पोरीचो लाव!"

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सुमतीचं चित्र होतं. ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या खंडू पेंटरकडून मोठ्या फळीवर काढून घेतलं. खंडूने डोळे तेवढे अंमळ मोठे काढले, पण चेहरा असा करुण साधला की गिऱ्हाइकं दुकानासमोर थबकू लागली. खाली 'सुमती' असं ठळक अक्षरात लिहिलं. मग अण्णा म्हणाले, कादंबरीक साठ वर्षां झाली ता लोकांका कळूक नको? म्हणून त्याखाली '१९२६ – १९८६' घातलं. मग अण्णांनी स्वतः जाऊन शेवंतीचा भरघोस हार आणला. ऊन फार आहे तेव्हा सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यावं, ही सूचनाही त्यांचीच. एवढं सगळं झाल्यावर नाटेकरांना एकदा त्या फळीकडे पाहून मनात कसंतरी झालं. पण ते त्यांनी साहित्याच्या ताकदीच्या खाती घातलं.

परवानगी मागायला ते पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"देव, लग्न, मयत, मोर्चा. माणसं रस्त्यानं चालतात ती या चारांपैकी कशासाठी तरी. तुमचं काय?"

"यांतलं काहीच नाही. आम्ही कादंबरीसाठी चालणार."

"असा प्रकार नाही आमच्याकडे."

"मग काय करू?"

साहेब मनाने वाईट नव्हते. बराच वेळ विचार करून त्यांनी घोषणा नाही, कर्णा नाही, हळू चालायचं, एका ओळीत, डाव्या बाजूने, शांततेत, अशा अटी घातल्या आणि वर बंदोबस्ताला धोंडिराम हवालदार दिले. नाटेकरांना आनंद झाला. वाङ्मयीन कार्यक्रमाला सरकारी बंदोबस्त मिळणं ही मुलुंडच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी, असं ते वनमालाबाईंना म्हणाले.

तर रविवारी सकाळी शुभदा सोसायटीच्या फाटकातून जे निघालं ते असं: पुढे धोंडिराम हवालदार, त्यांच्या मागे अण्णांच्या हातात हार घातलेली सुमती आणि तिच्याखालची सालं, त्यामागे छातीशी पुस्तक धरलेले नाटेकर, आणि मग पांढऱ्या कपड्यांत, एका ओळीत, खाली माना घालून चाललेले सोसायटीतले मूठभर लोक. माना खाली होत्या कारण रस्त्यात महापालिकेने खड्डे खणले होते. या ओळीत अध्यक्षांच्या पत्नी रत्नप्रभाबाईही होत्या. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं.

कापडाच्या दुकानापाशी नाटेकर थांबले आणि अटीप्रमाणे हलक्या आवाजात म्हणाले, "इथेच सुमती लहानाची मोठी झाली."

दुकानाचे शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले. त्यांनी फळी पाहिली, हार पाहिला, हात जोडले.

"अपनी ही जगह की थी क्या?"

"ह्याच घरातली," अण्णा म्हणाले.

"अरेरे. फोटो जुना दिसतो." शेठनी आत वळून नोकराला खूण केली आणि दुकानाचं शटर खाली आलं. ते पाहून शेजारच्या भांडेवाल्याने आपलं ओढलं. भांडेवाल्याने ओढलं म्हटल्यावर पुढच्या औषधवाल्यालाही राहवेना. विलायतेतसुद्धा साहित्याचा असा मान राखत नसतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी मागे वळून रत्नप्रभाबाईंना म्हटलंही, "बघितलंत? घरी जाऊन भाऊरावांना सांगा."

शटर पडल्याचा आवाज मुंबईत माणसापेक्षा जोरात धावतो. ही मंडळी गिरणीपाशी पोचायच्या आत बाजाराच्या त्या टोकाला कुणी मोठी बाई गेल्याची बातमी होती, स्टेशनजवळ ती मंत्र्याची बहीण झाली आणि रेल्वे फाटकापाशी लाठीमार सुरू असल्याचं बघून आलेला एक माणूसही भेटला. भाजीवाल्यांनी गोणपाटं ओढली. पाव संपले. वनमालाबाईंनी समोरची दुकानं पटापट बंद होताना पाहिली आणि नवऱ्याची बाही ओढली.

"अहो, कसला तरी बंद दिसतोय. मी दूध घेऊन येते, मग मिळायचं नाही." आणि त्या ओळ सोडून गेल्या.

गिरणीवर दळणाचे डबे लावून बायकांची रांग उभी होती. गिरणीवाल्याने हार पाहून पट्टा थांबवला. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत नाटेकरांचा आवाज नको तितका स्वच्छ ऐकू आला.

"इथेच ती विहीर होती. इथेच प्रभाकरनं तिला लग्नाचं वचन दिलं... आणि निघून गेला."

रांगेत मालनबाई सोनावणे होत्या. त्या साकीनाक्याच्या एका कारखान्यात कामाला आणि मागच्या चाळीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. दारुड्या नवऱ्यांना त्यांचं नाव सांगितलं तरी पुरत असे.

"लग्न करतो म्हणाला आणि पळाला?" त्यांनी विचारलं.

"हो ना."

"आणि ही?"

"वाट बघत राहिली. ताप अंगावर काढला. बापानं साधा वैद्य आणला नाही."

इतक्या आस्थेने कुणी विचारणारं नाटेकरांना वर्षानुवर्षांत भेटलं नव्हतं. ते रंगात आले. सुमती मिठावरून अनवाणी कशी चालत जायची, पायांना चिरा कशा पडायच्या, सगळं त्यांनी सांगितलं. रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसू लागली. मालनबाईंनी मात्र आपला डबा खाली ठेवला.

"तो मेला आहे कुठे आता?"

"तो शेवटी येतो," नाटेकर वाङ्मयीन काळात बोलून गेले. "संध्याकाळी. खाडीवर."

"येऊ दे!" मालनबाई गरजल्या. "चला गं! डबे राहू देत. आपल्यातली पोर गेलीय आणि हे शांततेत चाललेत!"

पुढच्या पाच मिनिटांत नाटेकरांची सहल त्यांच्या हातून गेली. सुमतीची फळी मालनबाईंच्या डोक्यावर गेली. चाळीतून, नळावरून, देवळातून बायका येऊन मिळाल्या. "सुमतीला न्याय मिळालाच पाहिजे!" "प्रभाकरला अटक करा!" धोंडिराम हवालदार "घोषणा नाही ठरलंय, घोषणा नाही" करत मागे-पुढे धावत होते. "तुम्ही गप बसा हो, बाईमाणूस गेलंय," असं त्यांना सुनावण्यात आलं. सुनावणाऱ्या रत्नप्रभाबाई होत्या. त्यांनी ती कादंबरी लग्नाआधी प्रभाकर निघून जातो तिथवरच वाचली होती आणि त्याच्यावर त्यांचा जुना राग होता.

"अहो, ऐका, ती गोष्ट आहे!" नाटेकर ओरडले.

"हां हां, गोष्ट लई मोठी आहे, दाबली जाणार नाही!" मागून कुणीतरी म्हणालं. मोर्चा खाडीकडे न वळता चौकीकडे वळला.

धावत आलेल्या पोलिसांच्या जीपमधून नाटेकरांना चौकीत आणून साहेबांनी समोर बसवलं. बाहेर घोषणा चालू होत्या.

"प्रभाकर. पूर्ण नाव?"

"आडनाव लेखकानं दिलेलं नाही."

"हा लेखक कोण? त्याला बोलवा."

"ते वारले."

"तोही गेला?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नाटेकर, या प्रकरणात एकूण माणसं गेलीत तरी किती?"

नाटेकरांनी पुस्तक पुढे केलं. साहेबांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मग ते खुर्चीत मागे रेलून पंख्याकडे बघू लागले. सबंध बाजार बंद आहे, वरून फोन येताहेत, आणि मयत व्यक्ती जन्मलेलीच नाही, हे कागदावर कसं आणायचं याचा ते विचार करत असावेत. शेवटी त्यांनी पुस्तक आणि फळी जप्त केली आणि दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर जाऊन तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर पोलीस प्रकरण दडपतात म्हणतील."

नाटेकर पायरीवर उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. सुमती नाही, नव्हतीच. ती सालं पुस्तकाची. पांढरे कपडे उन्हासाठी. घोषणा विरत गेल्या. एवढ्या बायका गप्प झालेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि आता पहिली चप्पल कुठून येते एवढंच ते बघत होते.

"म्हणजे आम्ही उन्हात उगाच बोंबललो?" मालनबाई म्हणाल्या.

"माफ करा," नाटेकर म्हणाले. ते त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

मालनबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सालं पुस्तकाची म्हणता. मग ती पोर मेलीच असं नाही ना? शेवटी होतं काय तिचं?"

"हो, ते सांगा!" मागून दोन-तीन आवाज आले. "आला का तो?"

उभ्या जन्मात एवढ्या माणसांनी नाटेकरांना काही विचारलं नव्हतं. "पुस्तक आत अडकलंय," ते म्हणाले. "पण संध्याकाळी आमच्या सोसायटीत या. गच्चीवर सभा आहे. मी सांगतो."

संध्याकाळी गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी सभेला पुरुषमंडळी येत, कोरमसाठी थांबून चहा पीत आणि जात. आज त्यांच्या बायका आल्या होत्या, आणि कठड्याच्या कडेने मालनबाईंचं अख्खं मंडळ बसलं होतं. भाऊराव लालबुंद झाले होते.

"सोसायटीच्या दारात पोलीस आले! सबंध मुलुंडात आपलं नाव झालं! आता तरी या वाचनालयाला कुलूप..."

"आधी सुमतीचं सांगा," कठड्याकडून आवाज आला.

"विषयपत्रिकेत सुमती नाही!"

"मग घाला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

नाटेकर उभे राहिले. पुस्तक हातात नव्हतं, पण शेवटचं प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी ओहोटी सांगितली, पायरी सांगितली, तापाने फणफणलेली सुमती सांगितली. पहाट झाली. आता ती जाणार. नाटेकरांनी समोर पाहिलं. मालनबाई पुढे झुकून बसल्या होत्या. सकाळपासून या बाईने आरडून घसा बसवून घेतला होता, अशा पोरीसाठी, जी कुठेच नव्हती. हिला सांगायचं तरी कसं की तू एवढं केलंस, तरी ती गेली? कुडपणकरांनी गलबताला दिवसभराचा उशीर केला होता. नाटेकरांनी तो उशीर काढून टाकला.

"आणि पहाटेच्या उजेडात," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला, "तिला लांबून शीड दिसलं. तो आला. त्यानं तिला उचलून वैद्याकडे नेलं. ती वाचली."

मग मालनबाईंनी गच्चीवर हात आपटला. "वाचली ते बरं झालं. पण त्याच्या घरी गेली की काय?"

"गेली असेल..."

"का म्हणून? मी असते तर वैद्याकडूनच परत पाठवला असता!"

"अहो, पण आला ना बिचारा," पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"बिचारा?" रत्नप्रभाबाई उसळल्या. आणि मग जी जुंपली ती आवरायला भाऊरावांना टेबल बडवावं लागलं. रागाच्या भरात त्यांनी ठराव मताला टाकला. खोली व्हिडिओला द्यावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा! पुरुषांचे बरेच हात वर आले. अण्णा उठले.

"जेच्या नावार फ्लॅट, तेचोच हात. कायदो आसा."

आता शुभदा सोसायटीतले बहुतेक फ्लॅट कुणाच्या तरी सल्ल्याने, कर वाचावा म्हणून, बायकांच्या नावावर घेतलेले होते. त्या कधी सभेला येत नसत म्हणून ही गोष्ट सगळेच विसरले होते. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. अध्यक्षांचाही आला. मग बायकांचे हात वर गेले, आणि ते खोली राखण्यासाठी होते.

नाटेकरांना त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही आणि सोमवारी भीतीने अन्न जाईना. कारण साहेबांनी पुस्तक परत पाठवलं होतं. "वाचलं. वाईट झालं हो पोरीचं," असा निरोपही धोंडिरामांबरोबर होता. आता ते जो कुणी वाचेल त्याला कळणार होतं, की मानद चिटणीस भर सभेत खोटं बोलले. शेवटची दोन पानं हळूच काढून टाकावीत, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी पानं बोटांत धरलीही. पण हात काही पुढे जाईना. संध्याकाळी रत्नप्रभाबाई पुस्तक मागायला आल्या आणि त्यांनी ते मुकाट्याने दिलं.

आठवडाभरात ते इमारतभर फिरलं आणि मग मागच्या चाळीत गेलं. शनिवारी संध्याकाळी खोलीत ही गर्दी जमली. पंपाच्या आवाजावर मात करून सगळ्या एकदम बोलत होत्या. दोन पक्ष पडले होते. एक म्हणे छापलंय ते खरं, दुसरा म्हणे नाटेकरांनी सांगितलं ते खरं. भाऊराव दारात उभे राहून प्रभाकरची बाजू मांडायचा प्रयत्न करत होते आणि त्यांचं कुणीही ऐकत नव्हतं. तेवढ्यात मालनबाई आल्या आणि त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

नाटेकर उठून उभे राहिले. "मालनबाई, चूक माझी आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं. पुस्तकात आहे तेच खरं. सुमती जाते."

"त्या लेखकाची जाते," मालनबाई म्हणाल्या. "त्यांच्या सुमतीसाठी कोण आलं होतं? एक वैद्य नाही आला, मरेल नाही तर काय होईल! आमच्या सुमतीसाठी सगळं मुलुंड बंद होतं."

यावर कुडपणकरांच्या बाजूने बोलणं हे वाचनालयाच्या चिटणीसाचं कर्तव्य होतं. नाटेकरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."